कादरभाईंची साडेसहाची जीप

जव्हारच्या स्टँडसमोरून रोज सकाळी साडेसहाला एक रिकामी जीप निघते. रिकामी म्हणजे अगदी रिकामी. ड्रायव्हर सोडला तर आत एक स्टेपनी आणि पाण्याचा एक कॅन. आणि गंमत अशी, की त्याच वेळी तिला खेटून दुसरी जीप उभी असते, तिच्यात अकरा माणसं कोंबलेली असतात आणि तिचा ड्रायव्हर रघू बोनेटवर थापा मारत ओरडत असतो, "चला मोखाडा, मोखाडा, दोन सीट, दोनच सीट." ह्या दोन सीट भरायला पाऊण तास लागतो.

तुम्ही विचाराल, ते अकरा जण उतरून रिकाम्या जीपमध्ये का बसत नाहीत? नवखे आहात म्हणून विचारताय. आमच्याकडे जीप भरल्याशिवाय निघत नाही, हे माणसं आईच्या पोटातून शिकून येतात. भरलेली जीप म्हणजे निघणारी जीप, रिकामी म्हणजे दुपारपर्यंत उभी राहणारी. त्यामुळे रिकाम्या जीपकडे कुणी वळून बघत नाही, आणि म्हणून ती रिकामीच राहते. यावर ड्रायव्हर लोकांनी उपाय काढलाय. रघूच्या त्या अकरांतले चार रघूचेच असतात. पिशवी मांडीवर घेऊन, कंटाळल्याचा चेहरा करून बसायचं. खरी माणसं आली की एकेकानं लघवीला म्हणून उतरायचं. मीही दोनदा बसलोय, एका चहाच्या बोलीवर. कंटाळा मी फार चांगला करतो.

त्या रिकाम्या जीपचे मालक, ड्रायव्हर, क्लीनर सगळं म्हणजे कादरभाई. वय साठीच्या पुढे. अंगानं काडी. शर्ट पांढरा, इस्त्रीचा, खिशाला पेन. त्या पेननं त्यांना काही लिहिताना मी पाहिलेलं नाही. माझं स्टँडसमोर घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, जोडीला पेपर विकतो, म्हणून सहालाच उघडतो. सहा पंचवीसला कादरभाई पायरीशी येतात आणि भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बोट करून विचारतात,

"सदा, हे खरं बोलतंय ना?"

"बोलतंय कादरभाई."

"काल अर्धा मिनिट खोटं बोललं."

"काल पेट्रोल पंपावर तुम्ही तंबाखू मळत उभे होतात."

"ते अर्धा मिनिट मी धरलंय."

मग साडेसहाला हॉर्न. एकच. आणि जीप सुटते. रघूची चार भाडोत्री माणसं टाळ्या वाजवतात. "चाचा, सीट मिळेल का उभं राहावं लागेल?" कादरभाई खिडकीतून मान बाहेर काढतात आणि गेली तीस-एक वर्षं जे म्हणत आलेत तेच म्हणतात, "रिकामी जाईन, पण जाईन."

आता इतकी वर्षं रिकामी जीप हाकून माणूस जगतो कसा? तर ती रिकामी राहत नाही. जव्हारच्या बाहेर पडली की फाट्याफाट्यावर माणसं उभी असतात. कुणी नाचणीचं पोतं घेऊन, कुणी कोंबडी बगलेत धरून. सूर्यमाळच्या पाड्यावर घड्याळ नसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा चाचाची गाडी गेली की चुलीवर आधण ठेवतात म्हणे. मोखाड्यात पोचेपर्यंत जीप भरलेली असते. फक्त जव्हारच्या स्टँडवरून ती रिकामी निघते, आणि स्टँडवर हसणारे लोक पुढचं बघायला येत नाहीत.

हे असंच चालू राहिलं असतं. पण मधल्या काळात घाटापलीकडच्या शहराबाहेर नवं विमानतळ झालं.

आमच्या गावाला विमानतळाशी काय देणंघेणं? काही नाही. आमच्याकडे विमान म्हणजे डोळ्यांवर हात धरून बघायची वस्तू. पण पेपरात फोटो आला: काचेची इमारत, छोटं पंख्यांचं विमान, पुढे हार घातलेली मंडळी. आठवड्यातून तीन दिवस, मंगळ, गुरू, शनि, सकाळी अकराला नागपूर. कादरभाईंनी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून ती बातमी तीनदा वाचली. मग पेपरची घडी घालून म्हणाले, "सदा, ह्यांची वाट लागणार."

"का हो? एवढं झकास आहे."

"विमानतळ शहरापासून बावीस किलोमीटर. तिथं जायला गाडी कुठंय? रिक्षावाला जाताना घेईल आणि येताना रिकामं यावं लागतं म्हणून दुप्पट सांगेल. माणूस म्हणेल, त्यापेक्षा रातोरात बसनं जातो. मग विमान रिकामं. मग ते बंद." ते उठले. "गाडी पाहिजे. टायमावर."

पुढच्या मंगळवारी जीपच्या माथ्यावर नवी पाटी: जव्हार – मोखाडा – विमानतळ. पाटी रंगवली धर्मानं. धर्मा मुळात भिंतीवर चित्रं काढणारा. त्यानं विमान काढलं ते दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, आणि आत माणसं हातात हात घालून नाचताना. मी म्हटलं, "धर्मा, विमानात बसतात रे." तो म्हणाला, "इतके पैसे देऊन कोण बसून राहील?"

पहिल्या दिवशी मोखाड्याच्या पुढे जीपमध्ये कुणी नव्हतं. विमानतळाच्या गेटवर सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, किसको छोड़ने आये हो. कादरभाई म्हणाले, "किसी को नहीं. लाइन की गाडी है." त्यानं विचारलं, किसको लेने आये हो. "जो आएगा उसको." कुणी आलं नाही. विमानातून नऊ माणसं उतरली, नवांना न्यायला नऊ मोटारी. कादरभाई बरोबर बाराला परत निघाले. त्या आठवड्यात तिन्ही दिवस असंच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही.

स्टँडवर तर दिवाळीच. रघू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "चाचाची गाडी फॉरेनला जाते." कादरभाई ऐकून घ्यायचे आणि संध्याकाळी माझ्यापुढे विमानतळाचा वृत्तांत मांडायचे. तिकडे चहाचं कँटीन होतं, ते गिऱ्हाईक नाही म्हणून बंद झालं. आता चहाच मिळत नाही म्हणून पोचवायला येणारा माणूस थांबत नाही. विमानाची वेळ अकराची होती, ती दोनची केली, मग परत अकराची. गुरुवारचं विमान दोनदा आलंच नाही, कारण दुसरीकडे गर्दी होती, तिकडे पाठवलं. ढग आले की विमान वरूनच माघारी, कारण ढगातून उतरवायचं यंत्र अजून बसलेलं नाही. ते का नाही, तर इतक्या थोड्या माणसांसाठी कोण बसवणार.

"अरे, हा तर आपला स्टँड झाला," ते म्हणायचे. "माणसं म्हणतात विमानाचा भरवसा नाही. विमानवाला म्हणतो माणसं नाहीत. दोघं एकमेकांची वाट बघत बसलेत. फक्त ह्यांच्याकडे एसी आहे."

त्यांना पहिलं कायमचं गिऱ्हाईक मिळालं ते महिन्यानं. यमुना. सूर्यमाळची पोरगी, विमानतळावर झाडलोटीच्या कामाला. शहरात खोलीवर राहायची, महिना महिना घरी यायची नाही, कारण तीन गाड्या बदलायला लागायच्या. एक दिवस गेटवर पाटी वाचून ती चाट पडली. "चाचा, मोखाडा जातंय?" मग ती शनिवारी घरी जाऊ लागली आणि मंगळवारी कामावर. तिच्या मागून पाड्यावरचे दोघं बांधकामावर जाणारे. मग मोठ्या दवाखान्यात पट्टी बदलायला जाणारा एक म्हातारा. विमानात बसणारा त्यांत एकही नाही. विमानतळाला जाणारी जीप भरू लागली, विमान मात्र तसंच.

अशात एक दिवस विमान कंपनीचा एक साहेब जव्हारला आला. आजूबाजूच्या तालुक्यांतून 'संभाव्य प्रवासी' शोधायला. हॉलमध्ये सभा. आम्ही संभाव्य तीस-चाळीस जण खुर्च्यांवर. पहिल्या रांगेत कादरभाई, इस्त्रीचा शर्ट, पेन. साहेब तरुण होता, घामाघूम होता, आणि खरं सांगायचं तर मनानं वाईट नव्हता. पडद्यावर त्यानं रंगीत खांब दाखवले आणि म्हणाला, "या भागात मागणीच दिसत नाही. सरकारी मदत आहे तोवर आम्ही चालवतोय. ती संपायच्या आत प्रवासी वाढले नाहीत तर सेवा बंद करावी लागेल. प्रवासी वाढले, की आम्ही विमानं वाढवू."

कादरभाई उभे राहिले. "साहेब, तुम्ही आमच्या स्टँडवरचे वाटत नव्हता. पण आहात."

साहेबाला काही कळेना. मागून रघू हसला.

"आमचा हा रघूही तेच म्हणतो. आधी भरा, मग निघतो. पण त्याची जीप आहे साहेब, तो पाऊण तास उभा राहू शकतो. तुमचं विमान आज येतं, उद्या येत नाही, परवा दोनला येतं. मला सांगा, पोरीच्या लग्नाला निघालेला माणूस तुमच्या भरवशावर बसेल का?"

"काका, रिकामं विमान उडवायला फार खर्च येतो."

"रिकामी जीप चालवायलाही येतो. कमी येतो, पण माझ्या खिशातून येतो. सहा महिने टायमावर आणा. एक दिवस चुकवू नका. मग मागणी मोजा. पाऊस पडला नाही म्हणून कुणी विहिरीला नावं ठेवतं का?"

टाळ्या पडल्या. साहेबानं पाणी प्यायलं आणि बरा माणूस असल्यामुळे एक कबूल केलं: "महिनाअखेरीला आढावा आहे. तुमच्या भागातून एक छोटा गट जरी आला, तरी मी वर दाखवू शकेन की इथून लोक येतायत."

"किती?"

"सहा?"

"शेवटचा शनिवार," कादरभाई म्हणाले. "सहा जण. टायमावर."

दुसऱ्या दिवशी सहा पंचवीसला ते घड्याळाबद्दल विचारायलाच विसरले. "सदा, तू नागपूरला चाललायस."

"माझं नागपूरला कोण आहे?"

"तिथं घड्याळं बंद पडत नाहीत?"

बायकोनं विचारलं, नागपूरला कशाला? मी म्हटलं, या भागात मागणी आहे हे दाखवायला. ती म्हणाली, मागणी दाखवायचीच असेल तर स्वयंपाकघरात मिक्सर बंद पडलाय. तरी मी निघालो. गटात मी, धर्मा, यमुनाची आई आणि मामा, एक निवृत्त तलाठी आणि त्यांची पत्नी. अर्धी तिकिटं कादरभाईंनी काढली. कशातून, ते विचारायची माझी छाती झाली नाही. पण साठवलेल्या पैशांतून दुसरी जीप घ्यायचा ठरलेला सौदा त्यांनी मोडला, एवढं मला ठाऊक होतं.

शनिवारी साडेसहाला हॉर्न वाजला. स्टँडवर पहिल्यांदाच कादरभाईंची जीप भरलेली होती, आणि रघू आपल्या जीपमधल्या भाडोत्री माणसांसकट गप्प उभा होता. तलाठीणबाईंनी खिडकीतून त्याला हात केला, राणीनं करावा तसा. आदल्या रात्रीच जव्हारला मुक्कामाला आलेल्या यमुनाच्या आईनं मांडीवर नाचणीच्या भाकऱ्यांचं गाठोडं धरलेलं. "विमानात खायला देत्यात म्हणं," ती म्हणाली, "पण पोट भरंल का नाय काय भरवसा?" घाटात धर्मानं गाणं धरलं. साडेनवाला आम्ही काचेच्या दाराशी. यमुना हातात फरशी पुसायचा दांडा घेऊन उभी, आणि आपली आई प्रवासी म्हणून दारातून आत येतेय हे बघून ती पोरगी अशी काही हसली, की तिथं मागणी नाही असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

दहा वाजले. सव्वादहा. काउंटरवर कुणी नाही. दहा चाळीसला तलाठीसाहेबांचा फोन वाजला. मेसेज. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला, सरकारी आवाजात: अपरिहार्य कारणास्तव आजचं उड्डाण रद्द.

तो सभेतला साहेब आतून आला. त्याचा चेहरा बघून मला त्याचीच दया आली. "काका, विमान दुसऱ्या मार्गावर पाठवलं. तिकडे पूर्ण बुकिंग होतं. इथले धरून चौदाच."

मला वाटलं, आता कादरभाई फुटणार. मी तर मनातल्या मनात खुर्ची सरकवून घेतली. पण ते शांतपणे म्हणाले, "चौदा होते ना?"

"हो."

"मग वर दाखवा, चौदा आले होते आणि विमान आलं नाही. तेवढं लिहा. खरं लिहा."

साहेबानं मान हलवली. त्यानं लिहिलं की नाही, मला माहीत नाही. आम्ही काचेच्या इमारतीत, चकचकीत फरशीवर बसून नाचणीच्या भाकऱ्या खाल्ल्या. सिक्युरिटीवाल्यालाही दिली. बरोबर बाराला जीप परत निघाली.

मी पुढे, कादरभाईंच्या शेजारी. मागे सगळे पेंगलेले. घाट उतरायला लागलो तेव्हा मी, माझ्या स्वभावाप्रमाणे, खोडी काढली. "कादरभाई, एवढं टायमाचं वेड तुम्हाला लागलं कुठून? घड्याळवाला मी, आणि मला नाही."

एका वळणावर त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.

"पूर्वी मीही भरूनच निघायचो," ते म्हणाले. "रघूपेक्षा वस्ताद होतो. माझी सहा माणसं बसायची खोटी. ज्या साली कुपोषणानं पोरं गेली म्हणून वावर-वांगणीचं नाव सगळ्या पेपरात आलं ना, त्या सालची गोष्ट. तिकडची एक बाई. पोर काखेला, दीड-दोन वर्षांचं, पण एवढंसं. हातात डॉक्टरची चिठ्ठी, मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून. माझ्या जीपमध्ये येऊन बसली. मी म्हटलं, बस बाई, आत्ता निघतो. दोन सीट बाकी होत्या."

समोरून आलेल्या ट्रकला त्यांनी वाट दिली.

"सव्वा तास. ती एकदाही म्हणाली नाही की भाऊ, चला. जीप भरलेली दिसत होती ना. तिला वाटलं, आता निघेल. मग निघालो. हाच घाट चढून वर आलो, त्या वळणापाशी," त्यांनी मागे बोट केलं, "आणि तिनं माझ्या खांद्याला हात लावला. म्हणाली, भाऊ, आता गाडी हळू चालवली तरी चालंल."

त्यांनी गिअर बदलला. पुढे मोखाड्यापर्यंत आम्ही दोघंही रस्ता बघत होतो.

आढावा झाला. विमान बंद झालं. पेपरात चार ओळी आल्या, 'पुरेशा प्रतिसादाअभावी'. मी तो पेपर काउंटरखाली दडवून ठेवला, पण सोमवारी रघूनं तो मोठ्यानं वाचलाच. मंगळवारी सहा पंचवीसला कादरभाई पायरीशी.

"सदा, हे खरं बोलतंय ना?"

"बोलतंय. पण आज कुठे? मोखाड्यापर्यंतच?"

"मंगळवार आहे. विमानतळ."

रघूनं ऐकलं. "चाचा, विमान गेलं की."

"त्यांचं गेलं," कादरभाई म्हणाले. "माझी गाडी आहे."

"रिकामी जाल."

"जाईन ना."

आणि गेले. पाटी तशीच आहे. धर्माच्या विमानात माणसं अजून नाचतात. यमुनाची नोकरीही राहिली. "विमान नाय आलं तरी धूळ येते," ती म्हणते. फाट्यांवर म्हातारे, बांधकामवाले, शेवटच्या वर्षाला शिकणाऱ्या दोन नर्स, पट्टीवाले बाबा, सगळे त्या विमानतळाच्या जीपनं जातात आणि गेटच्या अलीकडेच कुठे कुठे उतरतात. गेटपर्यंत आता एकटी यमुनाच जाते. कादरभाई तरीही गेटपर्यंत जातात, बाराला फिरतात.

हे सगळं सांगायचं कारण मागच्या गुरुवारचं.

सहा वीस झाले होते. रघूची जीप भरलेली दिसत होती, चार खऱ्या माणसांनी आणि पाच खोट्यांनी. एक बाई रस्ता ओलांडून आली. काखेत पोर, चादरीत गुंडाळलेलं, डोकं खांद्यावर पडलेलं. हातात कागद. तिनं भरलेली जीप बघितली आणि तिकडे वळली. रघू म्हणाला, "बस बाई, दोनच सीट."

कादरभाई माझ्या पायरीकडे यायला निघाले होते. ते थांबले. घड्याळाकडे त्यांनी पाहिलंच नाही. जाऊन त्यांनी त्या बाईच्या हातातली पिशवी घेतली, आपल्या जीपचं पुढचं दार उघडलं आणि म्हणाले, "इथं बस. ही निघाली." मग माझ्याकडे बघून, "सदा, फाट्यावर फोन कर. गाडी आज लवकर येतेय म्हणावं, उभे राहा."

हॉर्न वाजला. एकच. कादरभाईंची जीप सहा वाजून एकवीस मिनिटांनी सुटली. तीस वर्षांत पहिल्यांदा. रघूच्या माणसांतलं कुणी टाळी वाजवली नाही.

मी फाट्यावरच्या चहावाल्याला फोन केला. मग स्टुलावर चढलो, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाची काच उघडली आणि काटा नऊ मिनिटं पुढे केला. उतरून पाहिलं. साडेसहा. बरोबर होतं.